सामायिक युनिक्स डेस्कटॉप: लॉगिन कोणाला द्यायचं आणि आत आल्यावर हक्क किती?

कोनाडा

नमस्कार मंडळी.

आमच्या गटाकडे एकच दणकट लिनक्स संगणक आहे. त्यावर डेबियन आणि नोम डेस्कटॉप. काही जण प्रत्यक्ष समोर बसून काम करतात, काही फक्त एसएसएचने (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनने) येतात, आणि मधूनमधून पाहुणे येतात, त्यांना तेवढ्यापुरतं खातं काढून द्यावं लागतं. आजवर सगळ्यांना सगळं मोकळं होतं. आता त्यावर असा डेटा ठेवायचा आहे जो सगळ्यांनी पाहू नये, म्हणून परवानग्या नीट लावायचं काम माझ्याकडे आलं आहे.

मला हवंय ते असं. एसएसएचवाल्यांना ग्राफिकल लॉगिन मिळू नये. समोर बसलेल्याला आवाज, कॅमेरा, पेनड्राइव्ह हे रूटचा (सर्व हक्क असलेल्या खात्याचा) पासवर्ड न मागता चालावं, पण दुरून आलेल्याला चालू नये. कोणी स्क्रीन लॉक करून उठला तर दुसऱ्याला त्याच्या सेशनमध्ये शिरता येऊ नये. आणि दुसऱ्याचं काम चालू असताना पाहुण्याला संगणक बंद करता येऊ नये.

शोधाशोध केली तर दर ठिकाणी वेगळं उत्तर. कोणी म्हणतं शेल नोलॉगिन करा, कोणी म्हणतं सगळ्यांना ऑडिओ आणि व्हिडिओ ग्रुपात घाला, कोणी सरळ 'एक्सहोस्ट +' द्या म्हणतं. यातलं काय धरायचं आणि काय सोडायचं?

उंबरठा

कोनाडा, पहिल्या मागणीपासून सुरू करतो, कारण बाकीच्या तिच्यावर उभ्या आहेत.

लॉगिनच्या वेळी दोन निरनिराळे प्रश्न विचारले जातात. हा माणूस तोच आहे का? आणि तोच असला तरी त्याला या दारातून आत यायची मुभा आहे का? पॅममध्ये, म्हणजे लॉगिनची तपासणी करणाऱ्या व्यवस्थेत, पहिल्याचं उत्तर 'ऑथ' हा भाग देतो, दुसऱ्याचं 'अकाउंट'. पॅमची कल्पना सन मायक्रोसिस्टिम्समधून १९९५ साली मांडली गेली, आणि तिची खरी ताकद ही की प्रत्येक दाराची नियमावली वेगळ्या फाइलीत असते. /ईटीसी/पॅम.डी उघडून बघा: एसएसएचडीची फाइल वेगळी, काळ्या पडद्यावरच्या लॉगिनची वेगळी, सुडोची (रूटच्या हक्काने आज्ञा चालवणाऱ्या साधनाची) वेगळी, आणि जीडीएमची, म्हणजे नोमच्या लॉगिन पडद्याची, 'जीडीएम-पासवर्ड' वेगळी. तुम्हाला हवी ती बंदी या शेवटच्या फाइलीत घालायची आहे, बाकीच्यांना हात न लावता.

एक ग्रुप तयार करा, समजा 'बैठक'. समोर बसणाऱ्यांना त्यात घाला. मग जीडीएम-पासवर्डमध्ये, जिथे कॉमन-अकाउंट आत घेतलं आहे त्याच्या वर ही ओळ:

अकाउंट रिक्वायर्ड पॅम_सक्सीड_इफ.एसओ युजर इनग्रुप बैठक

झालं. ग्रुपात नसलेल्याने अचूक पासवर्ड दिला तरी जीडीएम त्याला आत घेणार नाही, आणि त्याचं एसएसएच जसंच्या तसं चालू राहील.

ओळ 'अकाउंट'मध्येच का, हे समजून घ्या. अशा बंद्या 'ऑथ'मध्ये लिहिलेल्या पुष्कळ ठिकाणी दिसतात. एसएसएचमध्ये किल्लीने लॉगिन होतं तेव्हा पॅमचा ऑथ भाग विचारलाच जात नाही, ओळख एसएसएचडी स्वतः पटवून घेतो. अकाउंट आणि सेशन हे भाग मात्र तेव्हाही चालतात. उद्या असाच नियम एसएसएचला लावायची वेळ आली आणि तो ऑथमध्ये ठेवलात, तर किल्लीवाले सगळे त्याच्या बाजूने निघून जातील. 'कोणाला मुभा' हा प्रश्न अकाउंटचा आहे, तो तिथेच राहू द्या.

नोलॉगिन शेलबद्दल. ते लावलं की जीडीएमच्या यादीतून नाव जातं, पण ग्राफिकल लॉगिन त्याने थांबेलच याची हमी नाही. डिस्प्ले मॅनेजर (जीडीएमसारखा लॉगिन पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) सेशन कसं उभं करतो यावर ते अवलंबून. शिवाय तुमच्या एसएसएचवाल्यांना शेल हवंच आहे. 'पासडब्ल्यूडी -एल'ने फक्त पासवर्ड गोठतो, एसएसएचची किल्ली चालत राहू शकते. पाहुण्याचं खातं खरोखर बंद करायचं असेल तर 'युजरमॉड --एक्स्पायरडेट १'. त्याने खात्याची मुदतच संपते आणि ती अकाउंट भागात तपासली जाते, म्हणजे किल्लीवालाही अडतो.

पॅमच्या फाइलींना हात लावताना दुसऱ्या टीटीवायवर (मजकुरी पडद्यावर) रूटचं शेल उघडं ठेवा आणि सगळं तपासून होईपर्यंत बंद करू नका. 'पॅमटेस्टर' नावाचं छोटं साधन आहे, त्याने लॉगआउट न करता एखाद्या फाइलीचा अकाउंट भाग चालवून पाहता येतो. आणि कॉमन-अकाउंटमध्ये ही ओळ टाकायचा मोह टाळा. ती फाइल सुडो आणि क्रॉनसुद्धा वाचतात.

रानजाई

दुसऱ्या मागणीवर मी लिहिते.

ऑडिओ आणि व्हिडिओ ग्रुपचा सल्ला जुन्या काळातला आहे आणि तुमच्यासारख्या ठिकाणी तो घातक आहे. ग्रुपचा हक्क माणसाला मिळतो, जागेला नाही. ऑडिओ ग्रुपातला माणूस घरून एसएसएचने आला तरी तो त्या ग्रुपातच असतो, आणि संगणकासमोर दुसरं कोणी बोलत असेल तर तो मायक्रोफोन उघडून ऐकू शकतो. व्हिडिओ ग्रुप आणि कॅमेऱ्याचंही तेच.

आता हे काम सिस्टमडी-लॉगिनडी करतं. लॉगिनडी प्रत्येक सेशनची नोंद ठेवतं: कोणाचं, कोणत्या सीटवर (म्हणजे कोणत्या पडदा-कळफलकाच्या जोडीवर), आत्ता पडद्यावर आहे की मागे. यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणं ओळखणाऱ्या सेवेच्या) नियमांत ज्या उपकरणांवर 'यूॲक्सेस' अशी खूण असते त्यांच्या फाइलींवर, जे सेशन पडद्यावर आहे त्याच्या मालकाच्या नावाने एसीएल (त्या एका नावापुरती जादा परवानगी) लावलं जातं. सेशन बदललं की जुनं नाव काढून नवं लावतात. एसएसएचच्या सेशनला सीटच नसते, त्यामुळे त्याला यातलं काही मिळत नाही. म्हणजे तुमची दुसरी मागणी डेबियनमध्ये आधीच पूर्ण आहे, अट एवढीच की कोणाला त्या ग्रुपांत घालू नका. आधी घातलेले असतील तर काढा.

/डेव्ह/एसएनडी मधल्या कुठल्याही फाइलीवर 'गेटएफएसीएल' चालवून बघा, समोर बसलेल्याचं नाव दिसेल.

एक भोक मात्र यात राहतं, ते माहीत असू द्या. एसीएल तपासलं जातं फाइल उघडताना. एखाद्या प्रोग्रॅमने मालक समोर असताना कॅमेरा उघडून ठेवला, आणि मग 'युजर बदला' करून दुसरा माणूस बसला, तर एसीएलमधलं नाव जातं पण आधी उघडलेली फाइल उघडीच राहते. चांगल्या वागणुकीचे ध्वनी सर्व्हर स्वतःहून उपकरण सोडतात, वाईट हेतूचा प्रोग्रॅम कशाला सोडेल? कळफलक आणि ग्राफिक्सच्या बाबतीत लॉगिनडी स्वतः उपकरण उघडून देतं आणि परत काढूनही घेऊ शकतं, आवाज आणि कॅमेऱ्याला ती सोय नाही. म्हणून सामायिक यंत्रावर 'युजर बदला' बंद ठेवून पूर्ण लॉगआउटची सवय लावावी असं माझं ठाम मत आहे. जोडीला लॉगिनडी.कॉन्फमध्ये 'किलयुजरप्रोसेसेस' चालू करा, म्हणजे लॉगआउटनंतर त्या सेशनमधला एकही प्रोग्रॅम मागे उरणार नाही. डेबियनमध्ये तो बंद असतो.

कोनाडा

उंबरठा, रानजाईताई, दोघांचे आभार. बैठक ग्रुप केला, पॅमटेस्टरने तपासला, अपेक्षेप्रमाणे चालतोय. गेटएफएसीएलमध्ये समोरच्याचं नाव दिसलं, आणि एसएसएचवालं कोणी त्यात नव्हतं.

किलयुजरप्रोसेसेसबद्दल एक शंका. आमचे एसएसएचवाले टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) लांबलचक गणितं लावून निघून जातात. ती मरणार का?

रानजाई

मरतील, हो. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांच्यासाठी 'लॉगिनसीटीएल इनेबल-लिंगर' आणि पुढे नाव असं द्या, आणि त्यांनी टीमक्स 'सिस्टमडी-रन --युजर --स्कोप'ने सुरू करावं, म्हणजे ते सेशनच्या बाहेर चालेल. दुसरा मार्ग म्हणजे 'किलएक्सक्लूडयुजर्स'मध्ये त्यांची नावं लिहिणं. पाहुण्यांना यातलं काहीच देऊ नका.

जुनीखिडकी

हे वाचून सोलॅरिसची आठवण झाली. तिथे /ईटीसी/लॉगिनडेव्हपर्म नावाची फाइल होती. कन्सोलवर कोणी लॉगिन केलं की त्या यादीतल्या उपकरणांची मालकी त्याला मिळायची. सीट आणि यूॲक्सेसची कल्पना तिथपासून चालत आली आहे.

मी सीडीईवर बरीच वर्षं काढली, म्हणून त्या बाजूने थोडं लिहितो. कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट १९९३ साली जाहीर झालं. एचपी, आयबीएम, सन आणि युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज यांनी मिळून मोटिफवर उभं केलेलं. त्यातला 'डीटीलॉगिन' म्हणजे आजच्या जीडीएमचा पूर्वज. त्याची मूळ सेटिंग /यूएसआर/डीटी/कॉन्फिगमध्ये असायची आणि बदल करायचे तर फाइल /ईटीसी/डीटी/कॉन्फिगमध्ये नकलून तिथे करायचे, म्हणजे अपग्रेडमध्ये ते पुसले जात नाहीत. त्यातली 'एक्सॲक्सेस' ही फाइल सर्वांत महत्त्वाची, कारण कोणत्या दूरच्या यंत्राला या यंत्राचा लॉगिन पडदा मागता येईल हे ती ठरवायची. त्यासाठीचा एक्सडीएमसीपी हा प्रोटोकॉल यूडीपीच्या १७७ पोर्टवर चालतो आणि त्यात कसलंही एन्क्रिप्शन नाही. पासवर्ड तारेवरून उघडा जातो. तुमच्या जीडीएममध्ये तो मुळात बंद असतो. कोणी 'दुरून डेस्कटॉप पाहिजे' म्हणून सुरू करायला सांगितला तर नाही म्हणा.

सीडीईचं मोठं नुकसान लॉगिनच्या पडद्यातून झालं नाही. डेस्कटॉपबरोबर आलेल्या छोट्या सेवांतून झालं. 'डीटीएसपीसीडी' ही सेवा टीसीपीच्या ६११२ पोर्टवर रूटच्या हक्कांनी ऐकत बसायची, दुसऱ्या यंत्रावर प्रोग्रॅम सुरू करता यावा म्हणून. तिच्यात बफर ओव्हरफ्लो सापडला, नोव्हेंबर २००१ मध्ये सर्ट या सुरक्षा-संस्थेने इशारा दिला, आणि जानेवारी २००२ मध्ये त्याचा प्रत्यक्ष वापर करून घुसखोरी होत असल्याचा दुसरा इशारा आला. पुष्कळ सर्व्हरांसमोर कधी कोणी बसत नव्हतं, तरी डेस्कटॉप बसवलेला होता म्हणून ही सेवा जागी होती. लॉगिनचा पासवर्ड कितीही भक्कम असता तरी उपयोग नव्हता, कारण तिथे लॉगिन लागतच नव्हतं.

म्हणून कोनाडा, परवानग्यांना हात घालण्याआधी 'एसएस -टीयूएलपीएन' चालवा आणि जे जे पोर्ट ऐकतंय त्याचं कारण स्वतःला सांगता येतं का ते पाहा.

चौकट

'एक्सहोस्ट +' बद्दल अजून कोणी बोललं नाही, तर मी बोलतो. ते कधीही, कुठेही, कोणत्याही कारणाने देऊ नका.

एक्स विंडो सिस्टिममध्ये, म्हणजे पडद्यावर खिडक्या काढणाऱ्या जुन्या व्यवस्थेत, 'आत' आणि 'बाहेर' एवढाच भेद आहे. सर्व्हरशी जोडला गेलेला प्रत्येक प्रोग्रॅम इतर सगळ्यांच्या खिडक्यांचं चित्र घेऊ शकतो, त्यांच्यात टाइप होणारी प्रत्येक कळ वाचू शकतो, वर खोट्या कळा दाबूही शकतो. पटत नसेल तर एका टर्मिनलमध्ये 'एक्सइनपुट टेस्ट-एक्सआय२ --रूट' चालवा आणि दुसऱ्या खिडकीत काहीही टाइप करा. कळांचे क्रमांक पहिल्या टर्मिनलमध्ये झरझर येतील. त्यासाठी ना रूट लागतो, ना कसली परवानगी.

जोडणी कोणाला मिळावी हे ठरतं १२८ बिटांच्या एका गुप्त आकड्यावरून. 'एमआयटी-मॅजिक-कुकी-१' म्हणतात ती. ती घरातल्या .एक्सऑथॉरिटीत किंवा /रनमधल्या फाइलीत असते आणि ती फाइल मालकाशिवाय कोणाला वाचता येता कामा नये. 'एक्सहोस्ट +' ही तपासणीच काढून टाकतं. कोणाला खरंच दुसऱ्या खात्यातला प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर हवा असेल तर 'एक्सहोस्ट +एसआय:लोकलयुजर:' आणि पुढे त्या एकाच खात्याचं नाव. पण त्या खात्याला आपल्या सगळ्या कळा ऐकायची मुभा दिली हे लक्षात ठेवून.

एक्सऑर्ग सर्व्हरच्या २०१५ मधल्या १.१७ आवृत्तीपासून टीसीपीवर ऐकणं मुळातच बंद आहे, त्यामुळे ६००० पोर्टवरून येणारा जुना धोका उरला नाही. एसएसएचमधून मात्र रस्ता आहे. एसएसएच आज्ञेचा मोठ्या वायचा (-Y) पर्याय दूरच्या यंत्राला तुमच्या पडद्यावर पूर्ण विश्वास बहाल करतो, मोठ्या एक्सचा (-X) मूळ रचनेत मर्यादित, पण डेबियनच्या मूळ सेटिंगमध्ये तोही पूर्णच. दूरच्या यंत्राचा रूट तुमच्या ओळखीचा नसेल तर दोन्ही नकोत.

एक्सच्या जागी आलेल्या वेलँडवर जा, एवढं सांगून थांबतो. तिथे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याच्या कळा दिसत नाहीत आणि पडद्याचं चित्र घ्यायला पोर्टलमार्फत विचारावं लागतं. सॉकेट /रन/युजरखालच्या तुमच्या फोल्डरमध्ये असतं आणि त्या फोल्डरची परवानगी ०७००.

पारवा

चौकट यांच्याशी सहमत, पण वेलँडवर गेल्याने सगळं मिटलं असा कोणी अर्थ घेऊ नये. तुमच्याच खात्यातून चालणारा वाईट प्रोग्रॅम .बॅशआरसीमध्ये (शेल सुरू होताना चालणाऱ्या फाइलीत) ओळ घालून खोटा सुडो तुमच्यापुढे ठेवू शकतो, आणि तिथे वेलँड काही करू शकत नाही. युनिक्सची भिंत दोन युजरांच्या मध्ये आहे, एकाच युजरच्या दोन प्रोग्रॅमांमध्ये नाही.

मला वेगळाच मुद्दा मांडायचा आहे. पाहुण्यांसाठी एक सामायिक खातं आणि त्याला विनापासवर्ड लॉगिन, असं केलं तर? 'नोपासडब्ल्यूडीलॉगिन' ग्रुप वापरून जीडीएममध्ये ते करता येतं. दर पाहुण्याला खातं काढा, मग बंद करा, ही यातायात वाचेल.

उंबरठा

पारवा, या एका गोष्टीला माझा विरोध आहे.

सामायिक खात्यात कोणी काय केलं हे लॉगमधून कधीच कळत नाही, आणि पहिल्या पाहुण्याने .बॅशआरसीत किंवा ऑटोस्टार्टमध्ये ठेवलेली वस्तू दुसऱ्या पाहुण्याच्या लॉगिनला चालते. तुमचंच वरचं उदाहरण इथे लागू होतं. उबंटूमध्ये पूर्वी पाहुण्यांचं सेशन होतं. लॉगआउट झालं की त्याचं घर पुसलं जायचं आणि ॲपआर्मरने (प्रोग्रॅमांवर बंधनं घालणाऱ्या व्यवस्थेने) त्याला बांधून ठेवलेलं असायचं. पुढे १६.१० पासून ते बंधन लागूच होत नसल्याचं उघड झालं आणि २०१७ मध्ये ती सोय मुळातून बंद ठेवण्यात आली. पूर्ण वितरण सांभाळणाऱ्यांना जे टिकवणं जड गेलं ते आपण घरगुती स्क्रिप्टने टिकवू असं मानू नये.

शिवाय विनापासवर्ड लॉगिनमध्ये नोमची कीरिंग (जतन केलेल्या पासवर्डांची पेटी) उघडत नाही, कारण ती लॉगिनच्या पासवर्डनेच उघडते. मग लोक कीरिंगला रिकामा पासवर्ड देतात, आणि त्यातलं सगळं डिस्कवर उघडं पडतं.

खातं काढण्याचा त्रास खरा आहे. त्याला उपाय म्हणजे खातं काढतानाच 'युजरॲड -ई'ने शेवटची तारीख देऊन टाकणं. पाहुणा गेल्यावर कोणी विसरलं तरी दार आपोआप बंद होतं.

रानजाई

स्क्रीन लॉकचा प्रश्न राहिला आहे, आणि मला वाटतं लोक ज्यावर सर्वांत जास्त विसंबतात ती हीच गोष्ट आहे.

एक्सवर स्क्रीन लॉक हा इतरांसारखाच एक साधा प्रोग्रॅम असतो. तो सगळ्यांच्या वर मोठी खिडकी टाकतो आणि कळफलक व माउस पकडून ठेवतो. यातून दोन गोष्टी निघतात. एखादा पॉपअप मेनू उघडा असेल तर पकड आधीच दुसऱ्याकडे असते आणि लॉक लागतच नाही. आणि लॉकचा प्रोग्रॅम कोसळला तर खालचा डेस्कटॉप जसाच्या तसा समोर. जानेवारी २०१२ मध्ये एक्सऑर्गच्या १.११ आवृत्तीत असं सापडलं की कंट्रोल, ऑल्ट आणि अंकांच्या पॅडवरची गुणाकाराची कळ दाबली की लॉक निघून जातं. चुका शोधणाऱ्यांसाठी ठेवलेली सोय चालू राहून गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये लिनक्स मिंटवर लहान मुलांनी खरा आणि पडद्यावरचा कळफलक वेडावाकडा बडवला तेव्हा सिनॅमनचा लॉक कोसळून डेस्कटॉप उघडा पडला. दोन्ही दुरुस्त झालं, पण रचना तशी असल्यामुळे असं पुन्हा घडू शकतं.

वेलँडवर ही रचना बदलली आहे. 'एक्स्ट-सेशन-लॉक' या प्रोटोकॉलमध्ये लॉकचा प्रोग्रॅम मेला तरी कंपोझिटरने (सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमने) पडदा झाकलेलाच ठेवायचा असा नियम आहे. स्वेसारखे कंपोझिटर तो वापरतात. नोममध्ये लॉक खुद्द शेलचाच भाग आहे.

आणखी एक मार्ग लोक विसरतात. टीटीवायवर लॉगिन करून 'स्टार्टएक्स'ने डेस्कटॉप सुरू केला असेल आणि जुन्या पद्धतीप्रमाणे एक्स वेगळ्या टीटीवायवर चालत असेल, तर लॉकला अर्थ नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ१ने त्या टीटीवायवर जायचं, कंट्रोल-सी दाबायचं, आणि मालकाचं उघडं शेल हातात.

लॉकला तुमचा पासवर्ड कसा कळतो हाही प्रश्न कोणाला पडत असेल. पासवर्डांची फाइल /ईटीसी/शॅडो साध्या युजरला वाचता येत नाही. म्हणून पॅम 'युनिक्स_सीएचकेपीडब्ल्यूडी' नावाच्या छोट्या मदतनीसाला बोलावतं. त्याला शॅडो वाचायचा हक्क असतो, पण त्याला बोलावणाऱ्या युजरचाच पासवर्ड तो तपासतो, दुसऱ्याचा नाही. हक्क किती अरुंद ठेवता येतो त्याचा मला हा फार आवडता नमुना आहे. कोणी 'लॉक उघडत नाही' म्हणून शॅडोची परवानगी सैल करायला सांगत असेल तर आधी या मदतनीसाचे सेटयूआयडी किंवा सेटजीआयडी बिट (प्रोग्रॅमला त्याच्या मालकाच्या किंवा ग्रुपच्या हक्काने चालवणारी खूण) पाहा. बहुधा तेच गेलेले असतात.

कोनाडा

पॉपअप मेनूचं आत्ता जुन्या एक्स सेशनवर करून पाहिलं. खरंच लॉक लागला नाही. सगळ्यांना वेलँड सेशनवर नेतोय.

संगणक बंद करण्याच्या मागणीचं काय करावं? आणि खोट्या लॉगिन पडद्याची भीती कितपत खरी आहे? एका सहकाऱ्याने विचारलं, पाहुण्याने पूर्ण पडदा व्यापणारा, जीडीएमसारखा दिसणारा प्रोग्रॅम चालू ठेवून दिला तर पुढचा माणूस त्यात पासवर्ड टाकेल.

चौकट

भीती खरी आहे, युनिक्सइतकीच जुनी आहे. लिनक्समध्ये ऑल्ट, सिसआरक्यू आणि के या कळा एकत्र दाबल्या की त्या टीटीवायवरचे सगळे प्रोग्रॅम कर्नल स्वतः मारतो. मग जो लॉगिन पडदा येईल तो खरा. कुठलाही साधा प्रोग्रॅम ही कळ अडवू शकत नाही. फक्त कर्नलच्या सिसआरक्यू सेटिंगमध्ये ती चालू आहे का ते आधी पाहा. सामायिक यंत्रावर बसण्याआधी ती दाबायची, एवढं सगळ्यांना शिकवा. आधीच्याने सेशन लॉक करून ठेवलेलं नाही याची खात्री तेवढी करून घ्या, नाहीतर त्याचं न जतन केलेलं काम जाईल.

उंबरठा

बंद करण्याचा हक्क पोलकिटकडे आहे. पोलकिट प्रत्येक कामाला एक नाव देतं आणि तीन वेगवेगळ्या परिस्थितींसाठी वेगवेगळं उत्तर ठेवतं: पडद्यावर असलेलं सेशन, स्थानिक पण मागे गेलेलं सेशन, आणि बाकी सगळे. उत्तर 'हो', 'नाही', 'स्वतःचा पासवर्ड', 'प्रशासकाचा पासवर्ड' यांपैकी एक. 'पीकेॲक्शन --व्हर्बोज' चालवलंत तर पूर्ण यादी दिसेल. त्यात लॉगिन१च्या नावाखाली 'पॉवर-ऑफ' आणि 'पॉवर-ऑफ-मल्टिपल-सेशन्स' अशा दोन निराळ्या क्रिया आहेत. दुसरी लागते इतरांचीही सेशन चालू असताना. तुम्हाला तीच आवळायची आहे, रीबूटच्या जोडक्रियेसकट.

/ईटीसी/पोलकिट-१/रूल्स.डी मध्ये जावास्क्रिप्टचा छोटा नियम लिहा: क्रिया या दोहोंपैकी असेल तर उत्तर 'ऑथ_ॲडमिन'. /यूएसआरमधल्या मूळ फाइली बदलू नका, अपग्रेडमध्ये जातील. पेनड्राइव्हला काही करायची गरज नाही. काढता-घालता येणारी डिस्क समोर बसलेल्याला मिळते, आतली डिस्क जोडायला यूडिस्क्स प्रशासकाचा पासवर्ड मागतं, आणि जोडताना सेटयूआयडी व उपकरण-फाइली निष्प्रभ ठेवतं, म्हणजे पेनड्राइव्हवरून तयार रूट-शेल आणून चालवता येत नाही.

पण पोलकिटवर आंधळा विश्वास नको. त्याच्या पीकेएक्झेक या सेटयूआयडी प्रोग्रॅममधली चूक जानेवारी २०२२ मध्ये जाहीर झाली. ती २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून आत होती. एकही आर्ग्युमेंट न देता त्याला सुरू केलं की तो आर्ग्युमेंट समजून पर्यावरणातली पहिली ओळ वाचायचा, आणि त्यातून साधा युजर थेट रूट व्हायचा. तातडीचा उपाय होता त्याचा सेटयूआयडी बिट काढून टाकणं.

त्याहून शिकण्यासारखं प्रकरण नोव्हेंबर २०२० मधलं, कारण ते लॉगिन पडद्याचंच आहे. सुरू होताना जीडीएम अकाउंट्स-डिमनला विचारतं, या यंत्रावर युजर किती? उत्तर आलं नाही तर जीडीएम समजायचं की एकही नाही, यंत्र नवं आहे, आणि 'नवीन खातं तयार करा' हा पडदा दाखवायचं. ते नवीन खातं प्रशासकाचं. उबंटूच्या डिमनमध्ये एक वाढीव तुकडा होता, जो युजरच्या घरातली .पॅम_एन्व्हायर्नमेंट फाइल वाचायचा. युजरने ती /डेव्ह/झीरोकडे जोडून ठेवली की डिमन अनंत वाचत बसायचा. वर, त्या वेळी त्याने आपले हक्क युजरच्या पातळीवर उतरवलेले असल्यामुळे युजरला सिग्नल पाठवून त्याला पाडताही यायचं. मग लॉगआउट करायचं, आणि समोर नव्या यंत्राचा स्वागत पडदा. 'उत्तर आलं नाही' आणि 'उत्तर शून्य आलं' यांतला फरक न केल्याची ही किंमत. अपडेट वेळेवर लावा हे सगळे सांगतात, सामायिक डेस्कटॉपवर ते याच कारणाने सर्वांत आधी येतं.

पारवा

घराच्या फोल्डरबद्दल कोणी बोललं नाही. उबंटूने २१.०४ पासून नवीन घरं ०७५० केली, त्याआधी ०७५५ असायची, म्हणजे कोणीही कोणाच्याही घरात वाचत फिरू शकत असे. नियम बदलला तरी जुन्या खात्यांची घरं आपोआप बदलत नाहीत, ती हाताने बदला. तुमचा तो खास डेटा वेगळ्या फोल्डरात, वेगळ्या ग्रुपच्या नावे, परवानगी २७७०. पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी, आत तयार होणाऱ्या फाइली त्याच ग्रुपच्या राहतात.

आणि डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर समोर बसलेला माणूस ग्रबमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मेनूत) 'इनिट=/बिन/बॅश' लिहून पासवर्डाशिवाय रूट होतो. लुक्स (लिनक्सचं डिस्क एन्क्रिप्शन) हवंच.

कोनाडा

लुक्स आधीपासून आहे. घरं बदलली, पोलकिटचा नियम लावला. पाहुण्याच्या खात्यातून बंद करायला गेलो तर प्रशासकाचा पासवर्ड मागितला. 'एसएस'मध्ये छपाईची सेवा सगळ्या नेटवर्कवर ऐकत होती, कारण कोणालाच सांगता आलं नाही, बंद केली.

एक विचित्र गोष्ट आढळली. एक सहकारी बैठक ग्रुपात नाही, फक्त एसएसएचने येतो. तो आज समोर बसला, त्याला पासवर्डाने आत घेतलं नाही, पण बोट ठेवल्यावर घेतलं. यंत्राला बोटाच्या ठशाचा वाचक आहे आणि त्याचा ठसा पूर्वीच नोंदलेला होता.

उंबरठा

ठशाचं दार वेगळं आहे, /ईटीसी/पॅम.डी मध्ये त्याची 'जीडीएम-फिंगरप्रिंट' अशी स्वतंत्र फाइल आहे. स्मार्टकार्डाची आणि ऑटोलॉगिनचीही वेगळी. बैठकची ओळ या सगळ्यांत, त्याच जागी घाला. 'एलएस /ईटीसी/पॅम.डी/जीडीएम*' ने किती आहेत ते पाहून घ्या. 'जीडीएम-लाँच-एन्व्हायर्नमेंट' मात्र सोडा, ती खुद्द लॉगिन पडद्याच्या खात्यासाठी आहे, तिच्यात बंदी घातलीत तर पडदाच येणार नाही. आणि त्या सहकाऱ्याचा ठसा 'एफप्रिंटडी-डिलीट'ने काढून टाका.

कोनाडा

फिंगरप्रिंट, स्मार्टकार्ड आणि ऑटोलॉगिन, तिन्हींत ओळ घातली, ठसा काढला. मग ग्रुपात नसलेल्या चाचणीच्या खात्यावर नवा ठसा नोंदवून पाहिला: बोट ओळखलं, आत घेतलं नाही. त्याच खात्यातून एसएसएच चालू आहे.